जुनीच लायसन्स-की नवी म्हणून विकली, आणि ते लपवायला आमच्या परवानग्या तोडल्या

व्हीएमवेअरचं व्हीस्फिअर म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर. त्याच्या ७ या आवृत्तीचा सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे आपल्याकडच्या कितीतरी कारखान्यांत, पतसंस्थांत, कॉलेजांत सध्या सर्व्हर अपग्रेडची कोटेशनं फिरत आहेत. त्याआधीच्या ६.७ या आवृत्तीचा सपोर्ट १५ ऑक्टोबर २०२२ ला संपला होता, तेव्हाही असंच वातावरण होतं. त्याच घाईत आम्हाला फसवलं गेलं. आता तशीच घाई पुन्हा सुरू झाली आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत सिस्टिम सांभाळते. ईआरपी, टॅली, फाइल सर्व्हर, डोमेन कंट्रोलर (कंपनीतली सगळी लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) असं सगळं ईएसएक्सआयच्या होस्टवर, म्हणजे व्हीस्फिअरच्या मूळ सर्व्हरवर, व्हर्च्युअल मशीन (आभासी संगणक) म्हणून चालतं. यात सर्वांत जपायचा डेटा म्हणजे हीट नंबर (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचा नंबर) आणि टेस्ट सर्टिफिकेट. कास्टिंग ग्राहकाकडे गेल्यावर वर्षांनंतरही कोणी विचारू शकतं, हा भाग कुठल्या हीटचा, त्यातला कार्बन किती. तो रेकॉर्ड गेला तर ग्राहकासमोर उभं राहायची सोय उरत नाही.

अपग्रेडचं काम एका फर्मला दिलं होतं. त्यांच्या कोटेशनमध्ये ६.७ वरून ७ वर नेण्याची मजुरी, दर प्रोसेसरप्रमाणे नवं लायसन्स आणि वर्षभराचा मेंटेनन्स करार होता. लायसन्सची रक्कमच सर्वांत मोठी होती. त्यांचा इंजिनिअर बोलायला अगदी नम्र. त्याने व्हीसेंटरच्या (सगळे होस्ट एका जागेवरून सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) मुख्य अकाउंटचा पासवर्ड आणि डोमेनवर एक ॲडमिन अकाउंट मागितलं. अशा कामाला ते लागतंच, त्यामुळे त्यात वावगं काही नव्हतं. रात्री काम झालं, सकाळी सगळी मशीन चालू होती. साहेबांनी बिल पास केलं.

दोनच दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. मला मशीन दिसत होती, चालू-बंद करता येत होती, पण स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची प्रत) घ्यायला गेलं की परवानगी नाही. नवीन डेटास्टोअर (मशीन साठवायची डिस्कची जागा) जोडायला गेलं, परवानगी नाही. हाताखालच्या मुलाला अकाउंट द्यायला गेलं, तर ते बटणच करडं. सर्वांत वाईट म्हणजे रात्रीचा बॅकअप पडायला लागला. बॅकअपचं सॉफ्टवेअर आधी स्नॅपशॉट घेतं आणि मग त्यातून कॉपी करतं. स्नॅपशॉटच होत नसेल तर बॅकअप होणार कुठून? बॅकअपचं सर्व्हिस अकाउंटही आमच्याच ॲक्टिव्ह डिरेक्टरी ग्रुपमध्ये (डोमेनवरच्या अकाउंटच्या गटात) होतं, म्हणून तेही अडलं.

इंजिनिअरला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, सेव्हनमध्ये परमिशन मॉडेलच बदललंय. मायग्रेशनमध्ये तुमच्या जुन्या परमिशन करप्ट झाल्यात. सगळ्यांकडे होतंय." मुख्य पासवर्ड मागितला तर म्हणाला, सिक्युरिटी पॉलिसीप्रमाणे बदललाय, हँडओव्हरच्या वेळी देऊ. संध्याकाळी मेलवर नवं कोटेशन आलं: परमिशन रीबिल्ड. शिवाय मेंटेनन्स करार तीन वर्षांचा करा, म्हणजे हे काम त्यात धरू, असंही सुचवलं होतं.

हे वाक्य तुमच्याही कानावर येईल, म्हणून इथे थांबून सांगते. अपग्रेडमध्ये परवानग्या अशा करप्ट होत नाहीत. व्हीसेंटरमध्ये परवानगी म्हणजे तीन गोष्टींची जोडी: कोणाला, कशावर आणि कोणत्या रोलने. रोल म्हणजे टिक केलेल्या अधिकारांची यादी. अपग्रेड ही यादी जशीच्या तशी पुढे नेतं. अडचणी येतात त्या वेगळ्या. कधी जुनं सर्टिफिकेट संपतं आणि लॉगिनच होत नाही, कधी लॉगची डिस्क भरते, कधी डोमेनशी जोडणी तुटते. पण मशीन चालू करता येतं आणि स्नॅपशॉट तेवढा घेता येत नाही, असं निवडून निवडून आपोआप तुटत नाही. एवढं नेमकं तुटलं असेल, तर ते कोणीतरी हाताने तोडलेलं असतं.

म्हणून मी रोलची यादी उघडली. बघायला तेवढा अधिकार शिल्लक होता. व्हीसेंटरचा मूळ ॲडमिनिस्ट्रेटर रोल कोणालाच बदलता येत नाही, सिस्टिम तो बदलूच देत नाही. पण त्याची नक्कल करून ती नक्कल हवी तशी कापता येते. यादीत मूळ रोलच्या खालीच दुसरा रोल होता: ॲडमिनिस्ट्रेटर_७. पटकन बघणाऱ्याला वाटावं, नव्या आवृत्तीचाच असेल. आमचा ग्रुप मूळ रोलवरून काढून या नकलेला जोडला होता. दोन्ही रोल शेजारी शेजारी उघडून एकेक ओळ ताडून पाहिली. शेकडो टिक तशाच होत्या. काढलेल्या मोजक्याच: स्नॅपशॉट, डेटास्टोअर, परवानगी बदलणे, रोल बदलणे. आणि ग्लोबल या गटात एकच टिक नव्हती, लायसन्स.

बाकीच्या काढण्यामागचा हेतू कळत होता. आम्ही अडावं, फोन करावा, पैसे द्यावेत. पण लायसन्सची टिक काढून त्यांना काय मिळणार होतं, ते तेव्हा कळेना.

मग व्हीसेंटरच्या सर्वांत वरच्या पातळीवरचे इव्हेंट पाहिले. परवानगी बदलली की तिथे नोंद होते: कोणत्या ग्रुपची, रोल कोणता, कोणी बदलली, किती वाजता. अपग्रेड संपल्यानंतर, त्याच रात्री, मुख्य अकाउंटवरून ती नोंद झाली होती. तो पासवर्ड तेव्हा फक्त त्या इंजिनिअरकडे होता. मी स्क्रीनचे फोटो काढले, यादी एक्सपोर्ट केली आणि साहेबांसमोर ठेवली. हे इव्हेंट डिफॉल्टमध्ये ३० दिवसच राहतात, नंतर पुसले जातात. शंका आली की पहिलं काम एक्सपोर्टचं करा, भांडण नंतर.

लायसन्सचं कोडं सुटलं ते होस्टवर थेट गेल्यावर. ईएसएक्सआयच्या होस्टचे रूट (सर्व अधिकार असलेल्या अकाउंटचे) पासवर्ड आमच्याकडे सीलबंद पाकिटात होते. त्यांनी अपग्रेड व्हीसेंटरमधूनच केल्यामुळे ते बदलायचं त्यांना सुचलं नसावं. ब्राउझरमध्ये होस्टचा पत्ता टाकून रूटने लॉगिन केलं, मॅनेजमध्ये लायसन्सिंग उघडलं. तिथे लिहिलं होतं: इव्हॅल्युएशन मोड. म्हणजे चाचणीपुरतं. ६ चं लायसन्स ७ ला चालत नाही, त्यामुळे अपग्रेड झाल्यावर नवी की घातली नाही तर होस्ट ६० दिवसांच्या चाचणीत जातो. त्या काळात सगळं उत्तम चालतं, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. मुदत संपली की होस्ट व्हीसेंटरपासून तुटतात. चालू मशीन चालत राहतात, पण एकदा बंद झालेलं मशीन परत चालू होत नाही. आमच्याकडे मेंटेनन्सला वीज बंद ठेवावी लागते. अशा एखाद्या सुट्टीनंतर सकाळी पहिली शिफ्ट आली असती आणि ईआरपी उठलाच नसता.

मुदत संपत आली की व्हीसेंटर इशारा देतं, पण लायसन्सचं पान बघायला तीच ग्लोबलमधली परवानगी लागते. तिची टिक काढण्याचं कारण हे होतं. स्नॅपशॉट, डेटास्टोअर यांचा गोंधळ इतका मोठा केला की आमचं सगळं लक्ष तिकडेच राहावं. माझ्या मते ही संपूर्ण प्रकरणातली सर्वांत नीच गोष्ट. पैसे खाल्ले ते खाल्लेच, पण ते झाकण्यासाठी आमचा बॅकअप बंद पाडला. त्या रात्रींपैकी एखाद्या रात्री डिस्क गेली असती, तर तेवढ्या दिवसांचा रेकॉर्ड कायमचा गेला असता.

मग नवं लायसन्स म्हणून बिलासोबत जे दिलं होतं, ते काढलं. फर्मच्या लेटरहेडवर छापलेलं सर्टिफिकेट, खाली पाच-पाच अक्षरांचे पाच गट असलेली की. ती होस्टला लावून पाहिली तर घेईना. तेव्हा आमची जुनी फाइल काढली, ६.७ खरेदी केल्यावेळची. दोन्ही कागद टेबलावर ठेवून एकेका गटावर बोट ठेवत वाचत गेले. पहिला गट जुळला, दुसरा जुळला. पाचवा जुळला तेव्हा शेजारी उभे असलेले अकाउंट्सचे काका खुर्चीतच बसले. आमचीच जुनी की नव्या कागदावर छापून आम्हाला विकली होती.

त्याहून चीड आणणारी गोष्ट पुढे कळली. आमचा व्हीएमवेअरशी असलेला सपोर्ट करार तेव्हा चालू होता. चालू करारावर ६ ची की ७ मध्ये बदलून मिळायची, पोर्टलवर जाऊन, वेगळे पैसे न देता. मी ती त्याच दिवशी बदलून घेतली आणि होस्टला लावली. ज्याचे लाखांत पैसे घेतले, ते मुळात विकत घ्यायचंच नव्हतं.

व्हीसेंटर परत ताब्यात घ्यायचं काम उरलं होतं. व्हीसेंटर ज्या मशीनवर चालतं त्याचा रूट पासवर्डही त्यांनीच ठेवलेला. होस्टच्या पानावरून आधी व्हीसेंटरच्या मशीनचा स्नॅपशॉट घेतला, मग त्याचं कन्सोल उघडून रीस्टार्ट दिलं. फोटॉन ओएसची (त्या मशीनच्या ऑपरेटिंग सिस्टिमची) पाटी दिसताच ई दाबून बूटच्या ओळीत शेल (थेट कमांड देण्याची सोय) मागता येतं आणि तिथे रूट पासवर्ड नवा करता येतो. आत शिरल्यावर व्हीएमडीआयआरच्या फोल्डरमध्ये व्हीडीसीॲडमिनटूल नावाचा प्रोग्राम असतो, त्यातला तिसरा पर्याय मुख्य अकाउंटचा पासवर्ड रीसेट करतो. दोन्ही रीती व्हीएमवेअरनेच लिहून ठेवलेल्या आहेत. त्यामुळे "पासवर्ड आमच्याकडे आहे" या धमकीला कोणी घाबरून पैसे देऊ नयेत. होस्टचा रूट पासवर्ड तुमच्या हातात असेल, तर व्हीसेंटर परत मिळतं. होस्टचाही गेला तर मात्र काम कठीण होतं, म्हणून तो कधीही बाहेर देऊ नका. अपग्रेडची बरीच कामं त्याच्याशिवाय व्हीसेंटरमधूनच होतात.

मूळ रोल परत लावला, ॲडमिनिस्ट्रेटर_७ चे फोटो काढून तो उडवला, त्या रात्री बॅकअप पूर्ण झाला. तरी कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटत होतं, म्हणून डोमेनवरचे सगळे ग्रुप तपासले. तिथे "ईएसएक्स ॲडमिन्स" नावाचा ग्रुप सापडला. आम्ही तो कधी बनवला नव्हता. त्यात एकच सदस्य, त्यांच्यासाठी बनवलेलं अकाउंट. डोमेनला जोडलेला ईएसएक्सआय होस्ट या नावाचा ग्रुप दिसला की त्यातल्या प्रत्येकाला आपोआप पूर्ण ॲडमिन मानायचा. व्हीसेंटरच्या परवानग्यांमध्ये याचा पत्ताही लागत नाही. पुढे जुलै २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की रॅन्समवेअरच्या टोळ्या हीच वाट वापरत आहेत. त्या त्रुटीचा नंबर सीव्हीई-२०२४-३७०८५, आणि ८.० अपडेट ३ मध्ये ती बुजवली. जुन्या आवृत्तीवर असाल तर होस्टच्या प्रगत सेटिंगमध्ये या ग्रुपला आपोआप जोडण्याचा पर्याय बंद करा, आणि डोमेनवर हे नाव आजच शोधा.

फर्मला विचारलं तर आधी हात वर केले, मग म्हणाले मुलगा नवीन होता. वकिलामार्फत नोटीस पाठवली. अधिकार असलेल्या माणसालाच त्याच्या सिस्टिममधून अडवणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये सांगितलेल्या, नुकसानभरपाई द्यावी लागणाऱ्या कृत्यांपैकी एक आहे. ते लबाडीने केलं तर कलम ६६ खाली गुन्हा होतो: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. इव्हेंटची यादी आणि दोन्ही लायसन्सचे कागद नोटिशीला जोडले होते. लायसन्सचे पैसे परत आले. मजुरीचे आले नाहीत, आणि मेंटेनन्स करार रद्द झाला.

आता परिस्थिती आणखी बिकट आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतलं आणि त्याच डिसेंबरपासून कायमस्वरूपी लायसन्सची विक्री बंद केली. आता मिळतं ते सबस्क्रिप्शन. दर वाढल्यामुळे "आमच्याकडे कायमची की आहे, स्वस्तात देतो" म्हणणारे लोक गल्लोगल्ली झालेत. खरं लायसन्स तुमच्या कंपनीच्या नावावर, तुमच्या मेलवर, ब्रॉडकॉमच्या पोर्टलवरच्या तुमच्या खात्यात दिसतं. लेटरहेडवरच्या कागदाला लायसन्स समजून बिल पास करू नका. होस्टवर रूटने जाऊन लायसन्सिंगचं पान स्वतः बघा, आणि तिथे इव्हॅल्युएशन मोड दिसला की चेक थांबवा.

हे सगळं मी ओळखीच्या एका सूतगिरणीतल्या सिस्टिमवाल्याला सांगितलं. त्यांच्याकडेही वेगळ्याच एका माणसाने अपग्रेड केला होता आणि बॅकअप पडत होता. त्याने माझ्याशी बोलता बोलताच रोलची यादी उघडली. नाव थोडं वेगळं होतं, पण ग्लोबलमधली लायसन्सची टिक तिथेही नव्हती. त्यांच्या ६० दिवसांतले थोडेच दिवस उरले होते, पण उरले होते. तुमच्याकडे अपग्रेड नुकताच झाला असेल आणि परवानग्यांच्या तक्रारी सुरू असतील, तर ३० दिवसांच्या आत इव्हेंट एक्सपोर्ट करा, मग त्या इंजिनिअरला फोन करा.