बेटिंग खातं: ब्रिटिश लायसन्सचं की क्युरासाओचं?

ब्रिटनमध्ये राहून शनिवारच्या फुटबॉलवर किंवा एखाद्या टेस्टवर दहा-वीस पौंड लावणाऱ्यांसाठी हे. (भारतात 2025 च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंदच केलेत, तिथे हा प्रश्न उरत नाही.) माझी दोन्ही प्रकारची खाती होती: एक ब्रिटिश लायसन्सच्या कंपनीत, दुसरं कॅरिबियनमधल्या क्युरासाओ बेटाच्या लायसन्सवर चालणाऱ्या कंपनीत. क्युरासाओवाल्याला इथल्या गिऱ्हाइकांकडून पैजा घ्यायची परवानगीच नाही, हे मी खातं उघडल्यावर वाचलं. आळस माझाच.

ब्रिटिश खातं कटकटीचं आहे, नाही म्हणणार नाही. ओळख पटल्याशिवाय पहिली पैजही लागत नाही, क्रेडिट कार्ड 2020 पासून चालत नाही. शिवाय चार वेळा जिंकलो, तर पाचव्या वेळी वीस पौंड टाकल्यावर 'कमाल 2.40' असं उत्तर आलं. त्यावर गॅम्बलिंग कमिशन (इथे लायसन्स देणारी सरकारी संस्था) काही करत नाही. भाव आणि मोकळीक पाहिली तर क्युरासाओवाला मला उजवा वाटला.

पण पैसे काढताना माझं मत फिरलं. जिंकलेले 340 पौंड काढायला टाकले, तर नऊ दिवस 'प्रलंबित'. शेजारी ठळक हिरवं बटण: 'रद्द करा आणि खेळा'. दोन रात्री ते नुसतं बघितलं. तिसऱ्या रात्री दीड वाजता दाबलं. सकाळी खात्यात साठ पौंड होते. ब्रिटनमध्ये 2021 पासून हे बटण द्यायलाच मनाई आहे. काढायला टाकलेले पैसे परत खेळात ओढता येत नाहीत. माझ्यासारख्या कच्च्या मनाच्या माणसाला तेवढं पुरे. तुमचा निग्रह पक्का असेल तर गोष्ट वेगळी.

तक्रारीचंही तसंच. इथे आठ आठवड्यांत निकाल लागला नाही तर त्रयस्थ संस्थेकडे फुकट जाता येतं. तिकडे मी तीन ईमेल पाठवले, तिन्हींना एकच छापील उत्तर.

'गॅमस्टॉप' या ब्रिटनमधल्या ऑनलाइन जुगार-बंदीच्या यादीवर नाव घालून स्वतःला बंदी केली असेल आणि ती तिकडे लागू होत नाही म्हणून हे वाचत असाल, तर कृपा करून इथेच थांबा.

ब्रिटिश लायसन्स म्हणजे पैसे सुरक्षित, असंही नाही हं. कंपनी बुडाली तर गिऱ्हाइकांच्या पैशांचं काय, हे अटींमध्ये लिहावं लागतं, पण 'संरक्षण नाही' असं लिहिलेलंही चालतं. तेवढी ओळ वाचा. पानाच्या तळाचा लायसन्स क्रमांक कमिशनच्या यादीत तपासा. क्युरासाओवाल्याच्या तळाशीही शिक्का होता. मी टिचकी मारली, तर ते नुसतं चित्र निघालं.