लॅपटॉप आणि वायफाय: सहा-सात महिने रोज वापरल्यावर

पातळ, धातूच्या बॉडीचा लॅपटॉप आणि सोबतच घेतलेला ड्युअल बँड राउटर, दोन्ही सहा-सात महिने रोज वापरात आहेत. वेग, स्क्रीन, कीबोर्ड यांवर लिहिणारे भरपूर आहेत, म्हणून मी सुरक्षिततेपुरतंच लिहितो.

आधी उष्णता. हा लॅपटॉप तळाच्या जाळीतून हवा आत ओढतो आणि बिजागरीच्या फटीतून गरम हवा बाहेर टाकतो. गादीवर ठेवला की जाळी झाकली जाते, पंखा घोंघावायला लागतो आणि थोड्या वेळाने प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. 'स्लो झालाय' म्हणून रॅम वाढवायला निघालेल्यांनी आधी खालची उशी काढून बघावी! मांडीवर तर तासन्‌तास नकोच. भाजण्याइतकं तापमान नसलं तरी रोजच्या उबेने त्वचेवर जाळीसारखे तांबूस-तपकिरी चट्टे उठू शकतात.

चार्जिंग चालू असताना झाकणावरून हलकेच बोट फिरवलं की मुंग्या आल्यासारखं वाटायचं. सोबत आलेला अडॅप्टर दोन पिनांचा, म्हणजे अर्थिंग नाही. आतल्या फिल्टर कपॅसिटरमधून अगदी किंचित करंट बॉडीपर्यंत पोचतो. याच अडॅप्टरला बसणारी तीन पिनांची वायर आणून अर्थिंग असलेल्या सॉकेटला लावली, मुंग्या थांबल्या. नीट झटका बसत असेल किंवा अडॅप्टरला जळका वास येत असेल, तर मात्र तो वापरायचाच नाही.

बॅटरीला ८० टक्क्यांची मर्यादा लावून ठेवली आहे, कारण माझा लॅपटॉप बहुतेक वेळ चार्जिंगलाच असतो. टचपॅड क्लिक होईनासा झाला, झाकण नीट मिटेना किंवा सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगायला लागला, तर बॅटरी फुगल्याचा संशय घ्यावा. चार्जर काढून लॅपटॉप बंद करायचा. दाबून बसवायला जाऊ नये.

आता वायफाय. 'रेडिएशनचं काय?' हे घरात सगळ्यांनी विचारून झालं. या लहरी अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवणाऱ्या नव्हेत आणि अंतर वाढलं की त्यांचा जोर झपाट्याने कमी होतो. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओ लहरी '२बी', म्हणजे 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकल्या, हे खरं. पण पुरावा मर्यादित असताना वापरला जाणारा हा गट आहे. मी राउटर रात्री बंद करत नाही.

माझी काळजी राउटरच्या सेटिंगची. पहिल्याच दिवशी अ‍ॅडमिन पासवर्ड बदलला (राउटरची सेटिंग उघडण्याचा; वायफायचा वेगळा) आणि डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा पिन नंबर देऊन वायफाय जोडायची सोय) बंद केलं. त्याचा आठ आकडी पिन नंबर दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे दहा कोटींऐवजी जास्तीत जास्त ११ हजार प्रयत्नांत सापडतो. हे २०११ मध्येच उघड झालंय, तरी ते बटण अजून राउटरवर असतंच. एन्क्रिप्शन, म्हणजे वायफायवरची माहिती गुप्त करण्याची पद्धत, डब्ल्यूपीए३ ही नवी ठेवली. जुना प्रिंटर त्याला जुळेना, म्हणून एकट्या त्याच्यासाठी डब्ल्यूपीए२ या आधीच्या पद्धतीवर गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) काढून दिलं. डब्ल्यूपीए२ मध्येही २०१७ मध्ये 'क्रॅक' नावाची त्रुटी सापडली होती, ती अपडेटनेच बुजली. म्हणून लॅपटॉप आणि राउटर दोघांचेही अपडेट चालू हवेत.

नेटवर्कचं नाव लपवण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. माझ्या मते निरुपयोगी. साध्या सॉफ्टवेअरला ते नाव दिसतंच, वर आपला लॅपटॉप जाईल तिथे त्या नावाने हाका मारत फिरतो.

बाहेरच्या फुकट वायफायला ऑटो-कनेक्ट बंद, कारण त्याच नावाचं बनावट नेटवर्क कुणीही उभं करू शकतं. हल्ली बहुतेक साइट एचटीटीपीएसवर (ब्राउझर आणि साइटमधली माहिती गुप्त ठेवणारी पद्धत) असल्याने धोका पूर्वीइतका नाही. तरी साइटच्या सर्टिफिकेटबद्दल (तिच्या खरेपणाच्या दाखल्याबद्दल) धोक्याची सूचना आली तर 'तरीही पुढे जा' दाबत नाही, आणि बँकेचं काम मोबाइलच्या हॉटस्पॉटवर.

तक्रार एकच: राउटरचा ऑटो अपडेट कधी होणार, ती वेळ निवडता येत नाही. चालू मीटिंगमध्ये तो खुशाल रीस्टार्ट होतो.