'बहुतेक' म्हणजे नक्की किती टक्के? कोर्स करून आलो, सांगतो

अनिश्चिततेत माणूस काय धरून चाललाय आणि त्याला काय हवंय हे मोजायचं कसं, यावरचा एक ऑनलाइन कोर्स परवा संपवला. नाव मुद्दाम देत नाहीये, तक्रार पण आहे.

दुसरा आठवडा एकदम भारी. उद्या बहुतेक पाऊस पडेल असं आपण म्हणतो, पण किती टक्के विचारलं की कायपण ठोकून देतो. बरं पैज लावायला लावली तर पैसे जायच्या भीतीने माणूस खात्री असून पण हात आखडता घेतो, मग मोजलं काय, खात्री की भीती? फ्रँक रॅम्झी या ब्रिटिश तत्त्वज्ञ-गणितीने 1926 मधेच या गुंत्याला हात घातला होता. इथे शिकवलेली युक्ती सोपीये, पाऊस पडला तर बक्षीस किंवा 100 चेंडूंच्या पिशवीतून लाल निघाला तर तेच बक्षीस, काय घेणार? लाल चेंडू कमीजास्त करत जायचं आणि जिथे 'कुठलंही द्या' म्हणाल तो तुमचा आकडा. बक्षीस दोन्हीकडे तेच, त्यामुळे भीतीचा हिशोब कटाप. मी तोंडाने 80 म्हणालो होतो, थांबलो 64 वर!!

क्विझ पण ब्रायर स्कोअरवर (1950 चा, सांगितलेली खात्री किती चुकली त्याचा वर्ग म्हणजे दंड), 90 टक्के खात्री सांगून चुकलात तर दंड 0.81, 60 सांगून चुकलात तर 0.36. फुशारकी लगेच उतरते.

मग अर्थतज्ज्ञ एल्सबर्गचा 1961 चा प्रयोग. 90 चेंडू, 30 लाल, उरलेले 60 काळे-पिवळे पण कुठले किती ते माहीत नाही. निवडलेला रंग निघाला तर बक्षीस. लाल की काळा यात बहुतेक जण लाल घेतात, आणि 'लाल किंवा पिवळा' की 'काळा किंवा पिवळा' यात दुसरं. पिवळा दोन्हीकडे आहेच, म्हंजे आधी लाल जास्त शक्य वाटतो आणि मग काळा, कुठलाच एक आकडा दोन्हीत बसत नाही. मला हे आधीपासून माहीत होतं तरी मी तेच केलं 😅

आता तक्रार. सॅव्हेजची 1954 ची गृहीतकं (निवडींनी पाळायच्या अटी, ज्या पाळल्या तर निवडींवरूनच माणसाची खात्री आणि आवड काढता येते) अख्खा आठवडा नुसती स्लाइडवरून वाचून दाखवली. आणि मेन शंका राहिलीच, स्वतःचं घर जळेल का यावर बक्षीस ठेवलं तर घर जळाल्यावर त्याच पैशाची किंमत वेगळी वाटणार ना, मग चेंडूंची युक्ती पण गंडते. विचारलं तर उत्तर आलं 'पुढच्या मॉड्यूलमध्ये बघू'. पुढचं मॉड्यूल म्हंजे परीक्षा.

5 पैकी साडेतीन. सॅव्हेजचे व्हिडिओ दीडपट स्पीडने बघा.