ट्रॉलरची गस्तीनौका: बूड दणकट, पाय जड

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने मासेमारीचे शेकडो वाफेचे ट्रॉलर ताब्यात घेतले आणि त्यांच्यावर तोफा चढवल्या. गस्तीनौका म्हणून हा माल कसा उतरला?

बुडाला पैकीच्या पैकी गुण. हिवाळ्यातल्या उत्तर समुद्रात जाळं ओढायला बांधलेली बोट सहसा हवेला घाबरत नाही. विंच, म्हणजे दोर ओढायचं यंत्र, तर आयताच मिळतो. तळाशी जाळं फाकवून ओढणं आणि समुद्रातल्या सुरुंगाला तळाशी बांधून ठेवणारा दोर कापायला तार फाकवून ओढणं, दोन्ही एकाच हातची कामं. त्यामुळे खलाशांना नव्याने फारसं शिकवावं लागत नाही.

बदल असे: नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) उंच चौथरा, त्यावर 4 इंची किंवा 12 पाउंडी तोफ, पिछाडीला डेप्थ चार्ज (पाण्याखाली ठरवलेल्या खोलीवर फुटणारे बॉम्ब) सोडायचे रूळ, बुडाखाली पाणबुडीचा माग काढणारं अ‍ॅस्डिक, मासळीच्या होल्डमध्ये (कोठारात) खलाशांच्या झोपायच्या जागा. गफलत इथेच होते. खालचं मासळी-बर्फाचं वजन गेलं आणि वर तोफ आली. खाली पुरेसं नीरम (तोल राखणारं वजन) भरलं नाही, तर बोट एका कुशीवर गेली की सावकाश सावरते.

खरी उणीव वेगाची. ट्रॉलर साधारण 10 ते 12 नॉट, तर पृष्ठभागावरची जर्मन पाणबुडी 17 च्या पुढे. शिवाय 10 नॉट म्हणजे सेकंदाला जेमतेम 5 मीटर. डेप्थ चार्ज 50 फुटांवर फुटेल असा लावला, तर तो तिथवर बुडायला 5 ते 7 सेकंद घेतो. तेवढ्यात बोट पुढे सरकते 25 ते 35 मीटर. एवढ्या जवळच्या स्फोटाने पाणबुडीआधी स्वतःचीच पिछाडी खिळखिळी व्हायची. उथळ लावायचा तर आधी पूर्ण वेग धरा.

तरी कामगिरी लाजिरवाणी नाही. जून 1940 मध्ये एडनजवळ ‘मूनस्टोन’ या ट्रॉलरने ‘गॅलिलिओ गॅलिली’ या इटालियन पाणबुडीला डेप्थ चार्जने वर यायला लावलं आणि तोफेच्या झुंजीत शरण आणलं. ट्रॉलरकडे 4 इंची तोफ एकच, पाणबुडीकडे 100 मिलिमीटरच्या दोन. ऑक्टोबर 1941 मध्ये ‘लेडी शर्ली’ या ट्रॉलरने यू-111 ही जर्मन पाणबुडी बुडवली. त्याच डिसेंबरात जिब्राल्टरजवळ यू-374 या जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोने ‘लेडी शर्ली’ही गेली, एकही माणूस वाचला नाही. टॉर्पेडोपुढे बुडाचा दणकटपणा कामाचा नाही.

किनाऱ्यालगतचे ताफे आणि सुरुंग यांसाठी बेलाशक घ्या. पाठलागासाठी नको.