कोपरावरची पाण्याची गाठ (बर्सायटिस): ऑपरेशन नाही, सुई नाही, काही महिने पॅड वापरल्यानंतरचा अनुभव

कोपराच्या टोकावर लिंबाएवढी मऊ गाठ आली होती. दुखायचं फारसं नाही, पण टेबलावर हात टेकवला की कळ यायची. डॉक्टर म्हणाले बर्सायटिस. हाड आणि कातडीच्या मधे एक पातळ पिशवी असते, सतत दाब पडला किंवा मार बसला की ती सुजते आणि पाणी धरते.

लाली, गरमपणा, ताप आहे का ते त्यांनी आधी बघितलं, कारण इन्फेक्शन असेल तर सुईने पाणी काढून तपासायला पाठवतात आणि अँटिबायोटिक द्यावं लागतं. गाउटचंही (युरिक ॲसिड वाढून होणारी सांधेदुखी) विचारलं, त्यानेही अशी सूज येते. यातलं काहीच नव्हतं म्हणून पाणी काढायचं नाही असं ठरलं, आणि मला ते पटलं, काढलं तरी परत भरू शकतं वर सुईवाटे जंतू आत जायची भीती. स्टिरॉइडचं इंजेक्शनपण टाळलं, त्याने तिथली कातडी पातळ पडू शकते.

मग जेलवालं एल्बो पॅड घेतलं आणि खरं सांगते, सगळ्यात जास्त फरक यानेच पडला. सुरुवातीला कपड्यात गुंडाळून बर्फ, एकावेळी पंधरा-वीस मिनिटं, आणि दुखण्याच्या गोळ्या थोडेच दिवस (ॲसिडिटी, किडनी किंवा बीपीचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय घेऊच नका). पण गोळीने दुखणं कमी होतं, दाब थांबत नाही. दिवसभरात आपण कोपर किती ठिकाणी टेकतो हे पॅड घातल्यावर कळतं, खुर्चीचा हात, गाडीची खिडकी, अंथरुणातून उठताना तर हमखास.

साइज नीट बघून घ्या. पहिलं पॅड घट्ट होतं, करंगळीला मुंग्या यायच्या, मोठं घेतल्यावर थांबल्या. घामाने आत खाज येते, रोज धुवावं लागतं, आणि आता जेल एका बाजूला सरकायला लागलंय.

सुरुवातीचे काही आठवडे काहीच फरक दिसला नाही, खूप निराश व्हायला झालं, मग गाठ हळूहळू सैल पडत गेली. आता सूज नाही, दाबलं तर कातडीखाली बारीक कणी लागते, दुखत नाही. पॅड अजून कामाच्या वेळी घालतेच.

मात्र गाठ लाल, गरम असेल किंवा ताप आला तर पॅडवर वेळ घालवू नका, त्याच दिवशी दाखवा.