तोरणा ते राजगड धारेची एकदिवसीय मोहीम: वाटाड्याला पैकीच्या पैकी, नियोजनाला जेमतेम

तोरणा आणि राजगड यांना जोडणारी डोंगरधार एका दिवसात चालवून आणणाऱ्या पुण्यातील एका संस्थेबरोबर मी गेल्या डिसेंबरमध्ये गेलो होतो. माणशी अठराशे रुपयांत बसचा प्रवास, तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्यातील नाश्ता, दुपारची शिदोरी आणि स्थानिक वाटाड्या मिळतो. जाहिरातीत मोहिमेची श्रेणी ‘सोपी ते मध्यम’ अशी दिली होती, आणि माझा पहिला आक्षेप तिथेच आहे. सुमारे 1403 मीटर उंचीचा तोरणा चढायचा, धारेने खिंडीत उतरायचे आणि तिथून राजगडाची संजीवनी माची (गडाची तटबंदी केलेली सोंड) पुन्हा गाठायची, म्हणजे एकाच दिवशी दोन किल्ल्यांची चढाई होते. नवख्या माणसाला तिला सोपी म्हणून सांगणे योग्य नाही.

बिनी दरवाजा आणि मेंगाई देवीचे मंदिर वेळेत झाले. खरी अडचण आली ती उपड्या ठेवलेल्या तेलाच्या बुधल्यासारखा सुळका असलेल्या बुधला माचीवरून उतरताना. येथे कातळाच्या टप्प्याखाली घसारा, म्हणजे सुट्या दगडमातीचा उतार आहे, आणि वरच्या माणसाच्या पायाने सुटलेला दगड थेट खालच्याच्या अंगावर येतो, त्यामुळे पहिला बाजूला होईपर्यंत दुसऱ्याला सोडता येत नाही. दहा-बारा जणांना हा नियम जाचत नाही. आम्ही बेचाळीस होतो आणि त्या एका टप्प्यावर सव्वा तास उभे राहिलो. वेल्ह्याच्या वाटाड्याने मात्र अजिबात घाई केली नाही. प्रत्येकाला कातळाकडे तोंड करून उतरायला लावत, वाळक्या गवताचा आधार घेणाऱ्याला जागीच थांबवत आणि पाय कुठे ठेवायचा ते खालून सांगत त्याने सर्वांना सुखरूप उतरवले.

पुढची धार हा या मोहिमेचा गाभा आहे. उजव्या हाताला वेळवंडी नदीचे खोरे, डाव्या हाताला कानदचे, मध्ये काही ठिकाणी एकामागून एकच चालता येईल एवढी वाट, आणि मागे वळून पाहावे तर तोरण्याचा पसारा प्रत्येक टेकाडागणिक वेगळा दिसतो. तोरण्याला प्रचंडगड का म्हटले असेल, हे गडावर फिरताना कळत नाही, या धारेवरून कळते. सावली मात्र फारच थोडी आणि पाण्याचा भरवसा नाही. संस्थेने तीन लिटर पाणी आणण्यास सांगितले होते. ते खिंडीपूर्वीच अनेकांचे संपले. खिंडीत डांबरी रस्ता आहे, तेव्हा बसमधून पाण्याचे दोन कॅन तिथे पाठवणे काहीच अवघड नव्हते. नाचणीची भाकरी, सुकी भाजी आणि ठेचा ही शिदोरी मात्र उत्तम होती.

अळू दरवाजातून संजीवनी माचीवर पोहोचेपर्यंत साडेचार वाजले. जिच्या दुहेरी तटबंदीसाठी आणि चिलखती (बाहेरून दुसऱ्या भिंतीचे कवच असलेल्या) बुरुजांसाठी माणसे मुद्दाम राजगडावर येतात, ती माची आम्ही जवळजवळ धावत ओलांडली आणि बालेकिल्ला वगळावा लागला. उतरण्यासाठी चोर दरवाजाऐवजी पाली दरवाजाची पायऱ्यांची वाट निवडली, हा निर्णय थकलेल्या पायांचा विचार करता बरोबर होता.

तुकडी पंधरा जणांची असल्याचे आधी लेखी कळवले, तरच मी या संस्थेकडे पुन्हा नाव नोंदवीन; एरवी चार मित्र जमवून वेल्ह्यातच वाटाड्या ठरवीन आणि चार लिटर पाणी पाठीवर घेईन.