निवृत्तीनंतरचा पहिला उन्हाळा: बाग, पक्षी की सुतारकाम?

महाराष्ट्रात दर वर्षी ३१ मेला सरकारी कचेऱ्यांत आणि शाळांत निरोप समारंभांची गर्दी होते. शाळेत नाव घालताना जन्माचा दाखला नसला की गुरुजी १ जून ही तारीख लिहीत. पहिल्या तारखेचा जन्म असला की नियमाप्रमाणे आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती. त्यामुळे एक अख्खी पिढी ऐन उन्हाळ्यात नोकरीतून बाहेर पडते. सत्कार, शाल-श्रीफळ, नातेवाइकांचं येणं-जाणं आठवडाभर चालतं. मग प्रश्न येतो, दिवसाचं करायचं काय?

बहुतेकांच्या मनात तीनच गोष्टी घोळत असतात. गच्चीवर बाग करावी, पक्षी-प्राणी पाहत हिंडावं, किंवा लाकडाचं काहीतरी हाताने करावं. तिन्ही छान आहेत आणि तिन्ही एकदम सुरू केल्या तर एकही धड होत नाही. छंद आवडीने निवडायचा हे खरंच, पण उन्हाळ्यात सुरुवात करणार असाल तर माझ्या मते आधी घड्याळ पाहावं. तो छंद दिवसाच्या कोणत्या तासांत बसतो, यावर तो टिकतो की नाही ते ठरतं.

उन्हाचं गणित

हवामान खातं मैदानी भागात किमान ४० अंश आणि किनारपट्टीवर किमान ३७ अंश तापमान असताना, ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी चढलं की उष्णतेची लाट म्हणतं. पण साठीच्या शरीराला त्रास व्हायला लाट यावी लागत नाही. या वयात तहान उशिरा लागते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर अंगातलं पाणी आणि मीठ आणखी कमी होतं. बीटा ब्लॉकर (रक्तदाब आणि हृदयाच्या ठोक्यांसाठीच्या गोळ्या) घेणाऱ्यांना ऊन सोसायला जड जातं. कुठलाही छंद धरण्याआधी गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांना एकदा विचारा. आणि सकाळी दहा ते संध्याकाळी पाच बाहेरचं काम नाही, हे ठरवूनच टाका.

आता गंमत बघा. बागेला पाणी घालायची खरी वेळ सकाळी सहा ते आठ. पक्षी दिसण्याची, बोलण्याची वेळही तीच, फार तर नऊपर्यंत. म्हणजे बाग आणि पक्षी एकाच वेळेसाठी भांडतात. सुतारकामाला मात्र सावली, पंखा आणि उजेड एवढंच लागतं. ते अकरा ते चारमध्ये बसतं. निवृत्तीनंतर माणूस खचतो तो याच तासांत. सकाळ कशीही जाते, संध्याकाळी कट्टा असतो, दुपार खायला उठते. हा मुद्दा मला खर्चापेक्षा मोठा वाटतो.

बाग: रोजचं बांधलेपण

गच्चीवरची बाग उन्हाळ्यात सुरू करणं म्हणजे पोहायला शिकताना आधी खोल पाण्यात उतरणं. नवी रोपं कुंडीतल्या तापलेल्या मातीत तग धरत नाहीत, पानांखाली लाल कोळी आणि शेंड्यांवर पिठ्या ढेकूण या किडी येतात, आणि नेमकी तेव्हाच पाणीकपात जाहीर होते. त्यापेक्षा एप्रिल-मे हे मातीचे महिने समजा. फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडांनी टाकलेला पाला पोत्यात भरून ठेवा, पिंपात थर देऊन कुजवा, ओला ठेवा. शेतीत स्वतः प्रयोग करून शिकणाऱ्यांच्या 'प्रयोग परिवार' या चळवळीचे श्री. अ. दाभोळकर यांनी आपल्याकडे पालापाचोळ्यातून सकस माती घडवण्याचा धडा दिला, तो शहरातल्या गच्चीला आजही तंतोतंत लागू पडतो. मृगाच्या सरी आल्या की त्याच मातीत भेंडी, दोडका, कारलं, काकडी लावा.

उन्हाळ्यातच काही हिरवं हवं असेल तर तांदुळजा, गवार, चवळी पेरा. पालक-कोथिंबीर या दिवसांत लवकर फुलावर जाते. कुंड्यांवर पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी आणि मातीवर चार बोटं पाल्याचं आच्छादन एवढं केलं तरी पाणी बरंच वाचतं.

आणि मोगरा. उन्हाळ्यात बागेवर जीव जडवायचा असेल तर तो मोगऱ्यापायी. जानेवारीअखेर पाणी तोडून पानं झडू द्यायची, फांद्या हातभर ठेवून छाटायच्या, खत देऊन पाणी सुरू करायचं. नव्या धुमाऱ्यांच्या टोकांना कळ्या येतात. पहिला बहर ओसरला की ते शेंडे पुन्हा खुडायचे. खुडलेल्या जागेखालून दोन फांद्या फुटतात आणि दुसरा बहर पहिल्यापेक्षा दाट येतो. टपोऱ्या पांढऱ्या कळ्या संध्याकाळी ओल्या रुमालात ठेवल्या की रात्री घरभर उमलतात. ज्यांच्याकडे हे झाड आहे त्यांना बागेची बाजू मांडून दाखवावी लागत नाही.

पण पुढच्या गोष्टी निवडण्याआधी ऐकून ठेवा. शंभर लिटरच्या पिंपात ओली माती भरली की वजन दीडशे किलोच्या पुढे जातं. जुन्या इमारतीत अशी दहा पिंपं ठेवण्याआधी अभियंत्याला विचारावं आणि सोसायटीची परवानगी घ्यावी. गुडघे दुखत असतील तर कुंड्या कंबरेच्या उंचीवर, लोखंडी मांडणीत हव्यात. कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा कोरड्या पुसायच्या, नाहीतर डेंग्यूच्या डासांची पैदास आपल्याच घरी. आणि सर्वांत मोठी गोष्ट: बाग सुट्टी देत नाही. मे महिन्यात दोन दिवस पाणी चुकलं तर वर्षाची मेहनत वाळते. मुलगी अमेरिकेत आणि दर उन्हाळ्यात पाच-सहा महिने तिकडे जाणं, असं तुमचं असेल तर शेजाऱ्यांवर किती दिवस भार टाकणार, याचा विचार आधी करा.

पक्षी आणि जंगल: कमी खर्चात सुरू होणारा छंद

हिवाळी पाहुणे गेले म्हणजे पक्षी संपले, असं अनेकांना वाटतं. उलट उन्हाळा हा आपल्या गावातल्या पक्ष्यांच्या विणीचा काळ. तांबट घ्या. 'टुक्-टुक्-टुक्' हा तांब्याच्या भांड्यावर ठोके मारल्यासारखा आवाज भर शहरात ऐकू येतो, पण पक्षी सापडत नाही. कारण तो चोच मिटून, गळ्याची पिशवी फुगवून बोलतो आणि बोलताना मान इकडेतिकडे फिरवतो. आवाज दर वेळी वेगळ्या दिशेने आल्यासारखा वाटतो. पिंपळाच्या किंवा वडाच्या निष्पर्ण शेंड्यावर पाहा. चिमणीएवढा हिरवा पक्षी, कपाळ लाल. शेवग्याच्या वाळक्या फांदीला खालच्या बाजूने छोटं गोल भोक दिसलं तर ते बहुधा त्याचंच घर. खिडकीत बसूनही हे सारं दिसतं. पुढे पावशा ओरडू लागतो, सुगरणींचे खोपे विणायला सुरुवात होते, आणि कोकणात, सह्याद्रीत पावसाच्या तोंडावर नवरंग येतो.

खर्च दुर्बिणीचा. आठ-बेचाळीसची (आठ पटींची, पुढचं भिंग बेचाळीस मिलिमीटरचं) घ्या, दहा पटींची हातात थरथरते आणि वयानुसार ती थरथर वाढते. चष्मा असेल तर चष्म्यासकट पूर्ण चित्र दिसतं का, हे दुकानात उभं राहून तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. साधारण सात-आठ हजारांपासून बऱ्या दुर्बिणी मिळतात. वयोमानाने बारीक, उंच सूर कानाला ऐकू येईनासे होतात. त्यासाठी मोबाइलवरचं 'मर्लिन' हे मोफत ॲप आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सुचवतं. त्याचा उपयोग ओळखण्यापुरता करावा, आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नये. विणीच्या काळात तर मुळीच नाही. घरट्याजवळ जाऊन फोटो काढण्याचा मोहही टाळावा, पिल्लांचा जीव जातो.

लांब जायचं असेल तर पुण्याजवळ सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आणि माळरानाचे पक्षी सकाळच्या दोन तासांत पाहून दहापर्यंत परत फिरता येतं. ताडोबा उन्हाळ्यात पाणवठ्यांमुळे फळतं, पण चंद्रपूरचं ऊन म्हणजे चेष्टा नव्हे. दुपारची फेरी टाळून सकाळचीच घ्या. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी पाहण्याचा निसर्गानुभव देतं. तो अविस्मरणीय असतो, पण एकदा शिडी चढून वर बसलात की सकाळपर्यंत उतरायचं नाही. प्रोस्टेटचा त्रास असेल, रात्री तीनदा उठावं लागत असेल, तर हे आधी लक्षात घ्या. याबद्दल कुणी उघड बोलत नाही आणि मग तिथे पंचाईत होते. भंडारदऱ्याचे काजवे मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत दिसतात. शनिवार-रविवार सोडून जा. निवृत्त माणसाला ही मोकळीक असते आणि ती तिथल्या जंगलावर उपकारच करते.

या छंदाला घर अडवत नाही. तुम्ही न्यू जर्सीला मुलाकडे गेलात तर दुर्बीण बॅगेत जाते आणि तिथल्या मागच्या अंगणात लाल कार्डिनल समोर येतो. सोबतही मिळते: जवळजवळ प्रत्येक जिल्ह्याच्या गावी पक्षीमित्रांचा एखादा गट रविवारी बाहेर पडतो. पक्षी अभ्यासक मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्याकडे पक्षी सप्ताह असतो. तोपर्यंत आसपासचे पन्नास पक्षी ओळखायचे, हे पहिल्या वर्षाला पुरेसं ध्येय आहे.

सुतारकाम: दुपारचा सोबती

याच्याकडे सर्वांत कमी लोक वळतात, कारण ते आवाजाचं, धोक्याचं आणि पुरुषांचं काम मानलं जातं. हाताच्या हत्यारांनी केलं तर आवाज फारसा नाही, धोका आवाक्यात आणि निवृत्त शिक्षिकेलाही ते तितकंच जमतं. करवत, दोन-तीन पटाश्या (लाकूड कोरायच्या छिन्न्या), छोटा लोखंडी रंधा, गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार), दोन शिकंजे (लाकूड घट्ट धरून ठेवायला) आणि धार लावायचा दगड, एवढ्यावर पाच-सहा हजारांत सुरुवात होते. टेबलावर बसवलेली विजेची करवत पहिल्या वर्षी आणूच नका. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर लहान काप लागला तरी रक्त लवकर थांबत नाही. मधुमेह असेल तर पायात बंद बूट हवेत.

उन्हाळा आणि लाकूड यांचं नातं मात्र नीट समजून घ्यायला हवं. पावसाळ्यात दारं का अडकतात हे आपल्या प्रत्येकाला माहीत आहे. लाकूड ओल धरतं आणि फुगतं. लांबीत जवळजवळ नाही, रुंदीत फुगतं. म्हणून मे महिन्यात खण (ड्रॉवर) करताना तो हाताला अगदी चपखल बसला तर जुलैत तो उघडणार नाही. वीतभर उंचीच्या खणाला वर दोन-तीन मिलिमीटर फट सोडा. त्या बदल्यात उन्हाळा एक मोठी गोष्ट देतो: पॉलिश. दमट हवेत लाखेच्या पॉलिशवर पांढुरकी झाक येते, मेच्या कोरड्या दुपारी तीन-चार हात आरशासारखे बसतात. फेविकॉल मात्र झटपट धरतो, तेव्हा जोड आधी कोरडाच बसवून पाहायचा आणि मगच डिंक लावायचा.

नवं सागवान महाग. जुन्या वाड्यांच्या चौकटी, खिडक्या भंगारवाल्याकडे किंवा पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये विचारल्या तर मिळतात. ते लाकूड दशकानुदशकं मुरलेलं असतं, वाकत नाही. रंधा मारण्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा. पहिलं काम म्हणून चिमण्यांची पेटी करा. भोक सव्वा इंचाचंच ठेवा, म्हणजे साळुंकी घुसत नाही. पेटी दुपारचं ऊन येणार नाही अशा भिंतीला लावा. भुसा फुप्फुसाला वाईट असतो. पंखा पाठीमागे ठेवून खिडकीकडे तोंड करा आणि एन-९५ मास्क लावा, उकडलं तरी. दमा असेल तर हा छंद नको, इतकं स्पष्ट सांगतो.

मग कुणी काय धरावं

फ्लॅट वरच्या मजल्यावर, गच्ची सोसायटीची आणि वर्षातले काही महिने परगावी जाणार असाल, तर पक्षी. यात मला शंका वाटत नाही. घरी दोघंच, बाहेर फारसं जाणं नाही आणि रोज काहीतरी आपली वाट पाहत असावं असं वाटतं, त्यांनी बाग. पण लागवड पावसात. नोकरीत सतत माणसांत राहिलेल्या आणि आता एकाग्रतेची तहान असलेल्यांनी सुतारकाम. जोडीदार नुकताच गेला असेल तर माझा कौल पक्षीमित्रांच्या गटाला, कारण पहिल्या वर्षी माणसं लागतात.

विदर्भ-मराठवाड्यात राहत असाल तर बाहेरचे दोन्ही छंद सकाळी आठला आवरावे लागतात, म्हणून तिथे दुपारच्या सुतारकामाचं पारडं जड होतं. कोकणात उलट: घामाने हत्यारं गंजतात, लाकूड कधीच पुरतं कोरडं होत नाही, आणि परसात उभं राहिलं तरी हळद्या, धनेश दिसतात. तिथे दुर्बीण घ्यावी.

दोन धरायचेच असतील तर सकाळचा एक आणि दुपारचा एक, म्हणजे बाग किंवा पक्षी, आणि जोडीला सुतारकाम. तसं ठरलं तर लाकूड जूनच्या आत आणून घरातच आडवं, मध्ये पट्ट्या देऊन रचून ठेवा, म्हणजे पावसाळाभर त्याला हवा लागत राहील आणि दिवाळीच्या आसपास कामाला घेता येईल.